विश्लेषण : जुना लॅपटॉप विकला, पण त्यातली आधार कार्डे कुठे गेली?

देवळा तालुक्यातील कांदा उत्पादकाने गेल्या तीन वर्षांत किती वेळा आधार कार्ड, सातबारा आणि बँकेच्या पासबुकाची प्रत दुसऱ्याच्या संगणकात टाकली, याचा हिशेब केला तर आकडा सहज दोन अंकी होईल. २०२३ मध्ये कांद्याला क्विंटलला ३५० रुपये अनुदान मिळाले तेव्हा विक्रीची पट्टी, सातबारा आणि पासबुक जोडावे लागले. त्याच वर्षीच्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ आली आणि त्यानंतर शेतकरी ओळख क्रमांक आला. प्रत्येक वेळी कागद स्कॅन झाले, एखाद्या लॅपटॉपच्या ‘डाउनलोड्स’ फोल्डरमध्ये गेले आणि बहुतेक वेळा तिथेच राहिले. आता त्यातले अनेक लॅपटॉप जुने झाले आहेत आणि विक्रीला निघत आहेत. ‘फॉरमॅट मारून दिलाय’ हे वाक्य ऐकून विकणारा निश्चिंत होतो. पण फॉरमॅट म्हणजे नेमके काय झाले, आणि खरोखर पुसायचे तर काय करावे लागते, हे समजून घेणे प्रत्येकाच्या फायद्याचे आहे.

हा विषय आताच का?

याची तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट्ससाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे. विंडोज ११ साठी मात्र टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ पूर्वीचे बरेच लॅपटॉप या अटीत बसत नाहीत. त्यामुळे चालू स्थितीतली यंत्रेही बदलली जात आहेत.

दुसरे कारण करोनाकाळाचे. २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली तेव्हा ऑनलाइन वर्गांसाठी अनेक घरांनी पहिला लॅपटॉप घेतला. ती यंत्रे आता पाच-सहा वर्षांची झाली. त्यांत मुलांच्या अभ्यासाबरोबर घरचे फोटो, विवरणपत्रे, जमिनीचे कागद आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतात.

तिसरे कारण कायद्याचे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम १४ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचित झाले. दुसऱ्यांची माहिती हाताळणाऱ्यांवर ती सुरक्षित ठेवण्याची आणि काम संपल्यावर पुसण्याची जबाबदारी या कायद्याने टाकली आहे.

डिलीट केलेली फाइल जाते कुठे?

कुठेच जात नाही. संगणकात प्रत्येक फाइलची नोंद एका सूचीत असते. कोणती फाइल डिस्कच्या कोणत्या भागात आहे, हे त्या सूचीवरून कळते. आपण फाइल डिलीट करून ‘रिसायकल बिन’ रिकामी केली, की सूचीत एवढीच नोंद होते की ही जागा आता मोकळी समजावी. मजकूर जागच्या जागी असतो. सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून वावरातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. त्या जागेवर नवी फाइल लिहिली जाईपर्यंत जुनी फाइल वाचता येते आणि ती शोधून देणारी मोफत सॉफ्टवेअर कोणालाही मिळतात.

‘क्विक फॉरमॅट’ने यापेक्षा फार वेगळे होत नाही. जुनी सूची बाजूला पडून नवी कोरी सूची तयार होते, पण खालचा मजकूर बराचसा तसाच राहतो. आपल्याकडे आणखी एक पद्धत रूढ आहे. लॅपटॉपच्या डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडलेले असतात. दुरुस्तीवाल्याला ‘फॉरमॅट करून दे’ म्हटले की तो सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकतो आणि ग्राहकाचे काम बिघडू नये म्हणून डी आणि ई ला हात लावत नाही. दुरुस्तीपुरते हे योग्यच आहे. विक्रीच्या वेळी मात्र नेमका घात इथेच होतो, कारण महत्त्वाचे कागद ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून लोक ते डी ड्राइव्हमध्येच ठेवतात.

सध्याच्या लॅपटॉपमधील एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये चित्र थोडे वेगळे आहे. फाइल डिलीट झाली की विंडोज डिस्कला ‘ट्रिम’ नावाचा निरोप देते आणि डिस्क ती जागा आपल्या सवडीने रिकामी करते. त्यामुळे एसएसडीमधून डिलीट केलेली फाइल परत मिळवणे बऱ्याचदा अवघड जाते. मात्र त्याची हमी नसते. एसएसडी एकाच जागेवर पुन्हापुन्हा लिहीत नाही. झीज समान व्हावी म्हणून ती मजकूर वेगवेगळ्या चिपवर फिरवत असते. काही राखीव जागा तर विंडोजला दिसतही नाही. तिथे जुना तुकडा राहू शकतो.

असा डेटा खरेच कुणाच्या हाती लागतो का?

लागतो, आणि याची तपासणी अनेकदा झाली आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १२९ डिस्क चालू होत्या आणि फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय नोंदी आणि खासगी ईमेल मिळाले. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली निघाली.

त्यानंतर दीड दशकाने, २०१९ मध्ये, ब्लॅन्को आणि ऑनट्रॅक या कंपन्यांनी अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि फिनलंडमधून १५९ जुन्या डिस्क विकत घेतल्या. ४२ टक्के डिस्कमध्ये काही ना काही डेटा शिल्लक होता, तर १५ टक्क्यांत ओळख पटेल अशी वैयक्तिक माहिती होती. सगळ्या विक्रेत्यांनी ‘डेटा पुसला आहे’ असेच सांगितले होते. या कंपन्यांचा धंदा डेटा पुसण्याचा व परत मिळवण्याचा आहे, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे. तरी विद्यापीठीय संशोधनाचा सूरही वेगळा नाही.

मोठ्या संस्थाही चुकतात. ‘मॉर्गन स्टॅनली’ या वित्तसंस्थेने जुनी यंत्रे काढून टाकण्याचे काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या एका कंपनीकडे दिले. त्यातली काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसह इंटरनेटवरच्या लिलावात पोहोचली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या भांडवली बाजार नियामकाने कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला.

धोका फक्त विक्रीतच असतो असेही नाही. हाँगकाँगचा अभिनेता एडिसन चेन याने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून त्याचे खासगी फोटो कॉपी झाले आणि २००८ मध्ये ते इंटरनेटवर पसरले. एका तंत्रज्ञाला त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण फोटोत असलेल्या स्त्रियांच्या बदनामीची भरपाई त्या शिक्षेने झाली नाही.

आधारची प्रत हाती लागली तर काय होऊ शकते?

नुसत्या आधार क्रमांकावरून कोणी थेट बँक खाते रिकामे करू शकत नाही. त्यासाठी ओटीपी किंवा बोटाचा ठसा लागतो. पण आधार, पॅन, पासबुकाचे पहिले पान, फोटो आणि सही असा संच एकाच फोल्डरमध्ये मिळाला तर गोष्ट बदलते. त्यावर दुसऱ्याच्या नावाने सिम घेणे, छोटे ऑनलाइन कर्ज उचलणे किंवा एखाद्या योजनेचा अर्ज भरणे असे प्रयत्न होऊ शकतात. फोनवरून फसवणाऱ्यालाही हा संच उपयोगी पडतो. समोरचा माणूस आपले नाव, गट क्रमांक, बँकेची शाखा आणि शेवटच्या अनुदानाची रक्कम बिनचूक सांगू लागला, की त्याच्यावर विश्वास बसतो.

योजनांच्या अर्जात दुसऱ्याची कागदपत्रे वापरण्याचा प्रकार राज्यात घडलेला आहे. ‘लाडकी बहीण’ योजनेत इतर महिलांच्या आधार क्रमांकांवर सुमारे ३० अर्ज भरल्याचा आरोप असलेले सातारा जिल्ह्यातील प्रकरण सप्टेंबर २०२४ मध्ये उघडकीला आले. नवी मुंबई परिसरातील एका महिलेला आपल्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज झाल्याचे कळल्यावर या तपासाला तोंड फुटले होते. त्यात जुन्या लॅपटॉपचा संबंध होता असे नाही. पण दुसऱ्याचा आधार क्रमांक हाती असला की काय करता येते, हे त्यातून दिसते.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, अशी त्या पासवर्डची रचना सगळ्यांना माहीत आहे. शेजारीच शाळा सोडल्याचा दाखला सेव्ह केलेला असेल तर तो ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. म्हणूनच सार्वजनिक संगणकावर ई-आधार डाउनलोड करणे टाळावे आणि केलेच तर सर्व प्रती कायमच्या डिलीट कराव्यात, अशी सूचना आधार प्राधिकरणाने दिलेली आहे.

पुसण्याआधी काय काढून घ्यावे?

आधी हव्या असलेल्या फाइल बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्याव्यात आणि त्यातल्या दोन-चार उघडून पाहाव्यात. नुसते ‘कॉपी झाले’ यावर विसंबू नये. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि फोटो ही फोल्डर सगळ्यांना आठवतात. डी-ई ड्राइव्ह, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने स्वतःच बनवलेले फोल्डर आणि मोबाइलचा जुना बॅकअप मात्र विसरला जातो.

व्यापारी, आडतदार आणि दुकानदारांनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बॅकअप घेऊन नव्या संगणकावर उघडून पाहावा. टॅलीचे लायसन्स जुन्या यंत्रावरून ‘सरेंडर’ करावे, म्हणजे नव्यावर चालू करताना अडत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन पोर्टला लावलेला तसाच राहत नाही ना, हे पाहावे. टोकन आणि त्याचा पिन लिहिलेली चिठ्ठी दोन्ही लॅपटॉपच्या बॅगेत गेल्यास सहीचा शिक्काच दिल्यासारखे आहे.

त्यानंतर खात्यांतून बाहेर पडावे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतील तर गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यातून ‘साइन आउट’ करावे. व्हॉट्सॲप संगणकावर चालू असेल तर फोनमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन तो लॅपटॉप काढावा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावरील यंत्रांच्या यादीतूनही तो हटवावा. ॲपलचा लॅपटॉप असल्यास ‘फाइंड माय’ बंद करणे आवश्यक आहे. नाहीतर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’मुळे घेणाऱ्याला तो वापरताच येणार नाही आणि व्यवहारावरून वाद होईल.

पुसण्याची योग्य पद्धत कोणती?

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची या विषयावरची मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिने तीन पातळ्या सांगितल्या आहेत. पहिलीत साध्या सॉफ्टवेअरने मजकूर परत मिळू नये इतके पुसले जाते, दुसरीत प्रयोगशाळेतही मिळू नये इतके, आणि तिसरीत डिस्कच नष्ट केली जाते. घरगुती लॅपटॉपसाठी पहिली पातळी नीट पार पाडली तरी सहसा पुरते. दुसऱ्यांची कागदपत्रे साठवणाऱ्याने दुसरी गाठावी.

आपली डिस्क कोणती, हे आधी पाहावे. विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक केले की एसएसडी की एचडीडी ते दिसते.

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’ आणि ‘रीसेट धिस पीसी’ असा मार्ग आहे. विंडोज १० मध्ये ‘रिकव्हरी’ हा भाग ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली आहे. तिथे ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. अनेकजण इथेच थांबून पुढचे बटण दाबतात. थांबू नये. ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करावे आणि सर्व ड्राइव्हमधील फाइल काढण्याचा पर्यायही निवडावा. पहिला पर्याय नसेल तर फाइल फक्त डिलीट होतात. दुसरा नसेल तर डी ड्राइव्ह जसाच्या तसा राहतो. जुन्या फिरत्या डिस्कवर या कामाला काही तास लागतात. चार्जर लावून ठेवावा. बॅटरी उतरलेली असेल तर भारनियमनाची वेळ पाहूनच सुरुवात करावी. मध्येच वीज गेली तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकू शकते.

यापेक्षा पक्की पद्धत म्हणजे आधी डिस्क कूटबद्ध करणे आणि मग रीसेट करणे. कूटबद्ध म्हणजे मजकूर किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी ‘बिटलॉकर’ आहे. होम आवृत्तीत यंत्राची क्षमता असेल तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळते. बिटलॉकर विचारतो, की फक्त वापरलेली जागा कूटबद्ध करायची की संपूर्ण ड्राइव्ह? संपूर्ण ड्राइव्ह निवडावा, कारण पूर्वी डिलीट केलेल्या फाइल ‘न वापरलेल्या’ जागेतच असतात. एकदा हे झाले आणि रीसेटमध्ये किल्लीच पुसली गेली, की कोपऱ्यात राहिलेला तुकडा कोणाला मिळाला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

एसएसडीसाठी आणखी एक चांगला मार्ग यंत्राच्या बायोसमध्ये असतो. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये ‘डेटा वाइप’, एचपीच्या अनेकांत ‘सिक्युअर इरेज’ या नावाने तो सापडतो. ही आज्ञा थेट डिस्कलाच दिली जाते आणि विंडोजला न दिसणारी राखीव जागाही तिच्या कक्षेत येते. मात्र २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी तपासलेल्या एसएसडींपैकी काहींमध्ये ही सोयच सदोष निघाली होती. त्यामुळे कूटबद्ध करून मग ही आज्ञा देणे, असा दुहेरी उपाय अधिक भरवशाचा.

फिरत्या डिस्कवर शून्य लिहून मजकूर झाकणारी मोफत सॉफ्टवेअर आहेत. सात वेळा, पस्तीस वेळा पुसावे असे सल्ले इंटरनेटवर दिसतात. पस्तीसचा आकडा १९९६ मधील एका शोधनिबंधातून आला आणि तो त्या काळच्या डिस्कसाठी होता. आजच्या डिस्कवर एकदाच, पण संपूर्ण लिहिले तरी पुरते. एसएसडीवर मात्र अशी सॉफ्टवेअर वापरण्यात अर्थ नाही. झीज वाढते आणि राखीव जागा तशीच राहते.

ॲपलच्या नव्या लॅपटॉपमध्ये, म्हणजे ॲपलची स्वतःची चिप किंवा टी-२ चिप असलेल्यांत, ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा एकच पर्याय काम करतो, कारण तिथे मजकूर आधीपासूनच कूटबद्ध असतो. क्रोमबुकमध्ये त्याचे नाव ‘पॉवरवॉश’ आहे.

पुसले गेले की नाही, हे कसे कळणार?

विकण्याआधी स्वतःच चोर होऊन पाहावे. रीसेट झाल्यावर तात्पुरते खाते बनवून ‘रेकुवा’ किंवा ‘फोटोरेक’ यांसारखे डिलीट फाइल शोधणारे मोफत सॉफ्टवेअर चालवावे. ते पेन ड्राइव्हवरून चालवले तर बरे. जुने फोटो किंवा पीडीएफ दिसू लागले तर पुसणे अपुरे आहे, पुन्हा करावे. काहीच ओळखीचे मिळाले नाही तर लॅपटॉप द्यायला तयार आहे. तपासणीनंतर पुन्हा एकदा रीसेट करून तो ‘हॅलो’च्या पहिल्या पडद्यावर सोडावा.

घेणाऱ्याकडून तारीख, किंमत आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्यावी. पुढे ते यंत्र गैरकामासाठी वापरले गेले तर ते कोणत्या दिवशी आपल्या हातून गेले, हे दाखवता येते. ओळखीचा पुरावा द्यावा लागल्यास आधारचे शेवटचे चारच अंक दिसतील अशी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. दुसऱ्यांची आधार कार्डे पुसून स्वतःचे पूर्ण आधार देण्यात शहाणपण नाही.

लॅपटॉप सुरूच होत नसेल तर?

पडदा गेला, मदरबोर्ड जळाला, तरी डिस्क सहसा शाबूत असते. भंगारात देताना लोक हेच विसरतात. खालचे झाकण उघडून डिस्क काढून घेता येते. फिरती डिस्क तळहाताएवढी असते, तर एसएसडीची पट्टी च्युइंगगमच्या वडीसारखी छोटी असते. दोन-तीन स्क्रूंचे काम आहे. दुकानातून करून घ्यायचे असेल तर समोर बसून करावे आणि डिस्क हातात घेऊनच उठावे. चालू डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत घालून पेन ड्राइव्हसारखी वापरता येते किंवा दुसऱ्या संगणकाला जोडून पुसता येते.

डिस्कही बंद असेल तर ती नष्ट करावी. फिरत्या डिस्कच्या आतल्या तबकड्यांना आरपार भोके पाडावीत. एसएसडीच्या पट्टीवरची प्रत्येक काळी चिप फोडावी लागते. नुसती पट्टी वाकवून भागत नाही. लोहचुंबकाचा एसएसडीवर परिणाम होत नाही. जाळणे तर मुळीच नको, कारण त्यातून विषारी धूर निघतो. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचा भर विषारी घटकांची विल्हेवाट आणि उत्पादकांची जबाबदारी यांवर आहे. डिस्कमधल्या मजकुराची काळजी यंत्र देणाऱ्यालाच घ्यावी लागते.

झेरॉक्स यंत्रातही डेटा राहतो का?

मोठ्या, एकाच वेळी स्कॅन-प्रिंट-कॉपी करणाऱ्या अनेक यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि कॉपी केलेल्या कागदाची प्रतिमा तिच्यावर राहू शकते. २०१० मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने चार जुनी कॉपी यंत्रे विकत घेऊन तपासली. त्यांत पोलिसांच्या नोंदी आणि एका आरोग्य विमा कंपनीच्या रुग्णांची माहिती मिळाली. त्या कंपनीला पुढे २०१३ मध्ये बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले. साध्या घरगुती प्रिंटरमध्ये अशी डिस्क सहसा नसते. पण जुने मोठे यंत्र विकताना किंवा भाड्याचे परत करताना ‘डिस्क आहे का आणि ती कशी पुसायची’ हे दुकानदाराने पुरवठादाराला विचारलेच पाहिजे.

कायदा काय सांगतो?

घरगुती वापराचा स्वतःचा लॅपटॉप पुसला नाही म्हणून कोणावर कारवाई होत नाही. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठीचा डेटा नव्या डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. नुकसान मात्र आपलेच होते. सापडलेल्या माहितीचा गैरवापर करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क खाली, म्हणजे इंग्रजीतील ६६सी खाली, ओळखचोरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दुसऱ्यांची माहिती हाताळणाऱ्याची गोष्ट वेगळी. दवाखाना, शाळा, पतसंस्था, कर सल्लागार किंवा ऑनलाइन अर्ज भरणारे दुकान हे लोकांचा डेटा कामानिमित्त घेतात. नव्या कायद्यानुसार सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ही मर्यादा मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहिले जाते. मुख्य तरतुदी नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३ए हे कलम आहे. संवेदनशील माहितीची हेळसांड करून नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद त्यात आहे आणि एकट्या मालकाचे दुकानही त्यात धरलेले आहे.

खरी अडचण व्यवहारातली आहे. सेवा केंद्रचालक मुद्दाम कागद साठवतात असे नाही. पुढच्या योजनेला तेच कागद पुन्हा लागतील आणि गिऱ्हाइकाला हेलपाटा पडू नये, हा हेतू असतो. पोर्टल बंद पडते, अर्ज त्रुटीत निघतो, मग जुनी स्कॅन कामाला येते. गिऱ्हाईकही ‘तुमच्याकडे असेल बघा’ म्हणतो. पण ज्या कामासाठी प्रत घेतली ते संपल्यावर ती पुसावी, हे नव्या कायद्याचे सूत्र आहे, आणि ‘असू द्यावी जवळ’ ही सवय त्याच्या थेट उलट आहे. ग्रामपंचायती, शाळा आणि कार्यालयांनाही हे लागू पडते. निर्लेखित संगणकांचा लिलाव करताना डिस्क पुसल्याची किंवा काढून घेतल्याची नोंद त्या फाइलमध्येच ठेवली तर नंतर बोट दाखवायला जागा राहत नाही.

आपण फक्त फॉर्म भरायला गेलो तर काय करावे?

काम झाल्यावर ‘माझे कागद डिलीट करा’ असे सांगायला संकोच करू नये. व्हॉट्सॲपवर कागद पाठवले असतील तर ते आपल्या बाजूने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करावेत. डाउनलोड झालेली प्रत त्याने जात नाही, म्हणून ती समोर पुसून घ्यावी. योजनेला चालत असेल तिथे ‘मास्क्ड’ आधार द्यावे. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बोटांच्या ठशांचे ‘बायोमेट्रिक लॉक’ लावून ठेवता येते. रेशन किंवा बँक मित्राकडे ठसा द्यायचा असेल तेव्हा ते तात्पुरते उघडावे.

लॅपटॉप आधीच विकून टाकला असेल तर?

यंत्र परत मागणे शक्य नसले तरी दारे बंद करता येतात. ईमेल, बँक आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड बदलावेत आणि ‘सर्व उपकरणांतून साइन आउट’ हा पर्याय वापरावा. त्या लॅपटॉपवरून इतरांची कागदपत्रे हाताळली असतील तर त्यांना कळवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. वेळीच कळले तर तेही सावध होतील. आधार कुठे-कुठे वापरले गेले, याची मागील सहा महिन्यांची नोंद आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक आहेत, ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर दिसते. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. न घेतलेले कर्ज त्यात लगेच उघडे पडते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

लॅपटॉप नीट पुसायला एक संध्याकाळ जाते. सेवा केंद्राच्या लॅपटॉपमध्ये शेकडो घरांची कागदपत्रे असू शकतात, आणि त्या घरांना यंत्र विकले गेल्याची कल्पनाही नसते. त्यामुळे ती संध्याकाळ द्यायची की नाही, हे विकणाऱ्याने सौदा ठरवण्याआधीच पक्के करायला हवे.